चाल कोणाची, माणसाची की यंत्राची?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेचे ग्रँडमास्टर डॅनियल नारोडिट्स्की यांचे वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी निधन झाले. इंटरनेटवर वेगवान डाव खेळता खेळता प्रत्येक चालीमागचा विचार बोलून दाखवणारा हा तरुण जगभरातील हौशी बुद्धिबळपटूंचा आवडता शिक्षक होता. माजी जगज्जेते व्लादिमिर क्रामनिक हे त्यांच्या ऑनलाइन खेळाविषयी बराच काळ जाहीर शंका उपस्थित करीत होते. नारोडिट्स्की यांना कोणत्याही संस्थेने दोषी ठरवलेले नव्हते. पुढच्याच महिन्यात जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, क्रामनिक यांच्या वर्तनाबाबत आपल्या आचारसंहिता व शिस्तपालन आयोगाकडे तक्रार दाखल केली. चेक ग्रँडमास्टर डेव्हिड नवारा यांच्याविषयीच्या विधानांचाही तीत समावेश आहे.

मृत्यू आणि आरोप यांचा कार्यकारणसंबंध जोडणे हा या लेखाचा हेतू नाही. परंतु या प्रकरणाने एक जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आहे. आपल्या घरी, आपल्या संगणकासमोर बसलेल्या खेळाडूने केलेली चाल त्याचीच आहे, हे सिद्ध कसे करायचे? आणि ती त्याची नाही, हे तरी सिद्ध कसे करायचे?

हा प्रश्न माणसांपुढे येण्यापूर्वी यंत्रांपुढे आला होता, याची आज फारशी कुणाला आठवण नाही. संगणक-बुद्धिबळाच्या जगात तो जवळपास ५० वर्षे चघळला गेला, तोही नेमका उलट्या दिशेने. तेथे फसवणूक म्हणजे माणसाची मदत घेणे. यंत्राच्या डावात माणसाचा हात शिरू नये यासाठी नियम रचले गेले, मोडले, दुरुस्त झाले. आज माणसांच्या स्पर्धांसाठी जे उपाय नवे म्हणून सांगितले जात आहेत, त्यांतील बरेचसे या जगाने आधीच करून पाहिले आहेत.

ग्राझचा तो डाव

संगणकांची पहिली जागतिक बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली स्टॉकहोम येथे झाली आणि ती सोव्हिएत संघाच्या ‘काइसा’ या प्रोग्रॅमने जिंकली. या स्पर्धेची पद्धत पुढेही अनेक वर्षे तीच राहिली. दोन संगणक, मध्ये लाकडी पट आणि प्रत्येक संगणकापाशी एक माणूस. त्याला ऑपरेटर म्हणत. पडद्यावर आलेली चाल पटावर करायची, प्रतिस्पर्ध्याची चाल संगणकाला सांगायची, घड्याळाची कळ दाबायची, एवढेच त्याचे काम. डाव चालू असताना प्रोग्रॅमच्या मांडणीत बदल करायचा नाही, त्याला विचार आवरता घ्यायला लावायचे नाही, यंत्र बंद पडले तर पंचांना सांगून पूर्वीच्याच मांडणीने पुन्हा सुरू करायचे. थोडक्यात, ऑपरेटरने हात द्यायचे, डोके नाही.

पण डोके असलेला माणूस तेथे बसलेला होता, ही अडचण होतीच. न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली गॅरी कास्पारोव्ह ‘डीप ब्लू’कडून हरले, तेव्हा दुसऱ्या डावातील काही चाली यंत्राच्या वाटत नाहीत, त्यामागे माणूस असावा, असा संशय त्यांनी घेतला आणि यंत्राच्या नोंदी मागितल्या. आयबीएमने त्या नोंदी नंतर प्रसिद्ध केल्या. माणसाचा हात सिद्ध झाला नाही; तरी कास्पारोव्ह यांच्या मनातील किल्मिष बरीच वर्षे गेले नाही. जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडूला निव्वळ चाल पाहून ती कोणाची हे खात्रीने सांगता आले नाही, ही गोष्ट पुढच्या साऱ्या चर्चेत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्याहून बोलके उदाहरण २००३ मधील ऑस्ट्रियातील ग्राझ येथील जागतिक संगणक स्पर्धेचे. बलाढ्य ‘श्रेडर’ आणि हौशी प्रोग्रॅमर योहानेस झ्वान्झगर यांचा ‘जॉनी’ यांच्यात डाव चालू होता. श्रेडर जिंकण्याच्या स्थितीत होता; पण त्याच्यातील एका दोषामुळे तो त्याच त्याच चाली करू लागला आणि पटावर एकच स्थिती तीनदा आली. नियमाप्रमाणे आता बरोबरी मागता येत होती. जॉनीच्या पडद्यावर तशी सूचनाही झळकली. झ्वान्झगर यांनी ती मागितली नाही. समोरच्याच्या प्रोग्रॅममधील दोषामुळे मिळणारा अर्धा गुण घेणे त्यांना खिलाडूपणाचे वाटले नाही. डाव पुढे चालला, श्रेडर जिंकला आणि त्या अर्ध्या गुणाच्या बळावर ‘फ्रिट्झ’च्या बरोबरीने अव्वल ठरला. पुढे निर्णायक लढतीत त्याने फ्रिट्झलाही हरवले आणि तो जगज्जेता झाला.

यात लबाडी कुणीच केली नव्हती. उलट एका माणसाने मनाचा मोठेपणा दाखवला होता. तरीही जगज्जेतेपदाचा निकाल त्या मोठेपणामुळे बदलला आणि तिसऱ्याच स्पर्धकावर अन्याय झाला. यंत्राला बरोबरी कळली होती, माणसाने ती नाकारली. म्हणजे ती चाल कोणाची? संगणक स्पर्धा पूर्णपणे स्वयंचलित असाव्यात, हा आग्रह धरणाऱ्यांना या डावाएवढा भक्कम पुरावा दुसरा मिळाला नसता. (त्याच जॉनीने पुढे २०१५ मध्ये लायडेन येथे जगज्जेतेपद पटकावले, हेही जाता जाता सांगायला हवे.)

ऑपरेटर गेला, शंका उरली

इंटरनेटने ऑपरेटरचे काम काढून घेतले. २००० च्या दशकात ‘इंटरनेट चेस क्लब’वर संगणकांच्या ऑनलाइन स्पर्धा भरू लागल्या. प्रोग्रॅम थेट सर्व्हरला जोडला जाई. चाल यायची आणि जायची, मध्ये माणूस नाही. क्लबवर संगणकाच्या खात्यापुढे कंसात ‘सी’ हे अक्षर लागे, म्हणजे समोर कोण आहे याविषयी कोणाची फसगत होऊ नये. प्रोग्रॅमने आपला हिशेब, म्हणजे स्थितीचे मूल्यमापन आणि पुढच्या अपेक्षित चाली, प्रेक्षकांना दिसेल असा जाहीर करत राहावा अशीही अपेक्षा असे. चाल एक आणि हिशेब भलताच, असे झाले तर लगेच लक्षात यावे, हा हेतू.

तरीही संगणक शेवटी कुणाच्या तरी घरातच होता. सर्व्हरला दिसे ती चाल. खोलीत काय चालले आहे ते दिसत नसे. ही उणीव नियमांनी भरून निघाली नाही, ती वेगळ्याच कारणाने निरुपद्रवी झाली. यंत्रे इतकी बलवान झाली की माणसाची मदत ही मदतच राहिली नाही. २००५ साली लंडनमध्ये ‘हायड्रा’ने मायकेल अॅडम्स यांना ५.५–०.५ असे लोळवले. २००६ साली बॉनमध्ये ‘डीप फ्रिट्झ’ने तेव्हाचे जगज्जेते क्रामनिक यांना ४–२ असे हरवले, त्या लढतीत क्रामनिक यांना एका चालीतली मात दिसली नव्हती. अशा यंत्राला माणसाने चाल सुचवणे म्हणजे त्याच्या पायात धोंडा बांधणेच.

मग फसवणुकीने जागा बदलली. चाल कोणाची हा प्रश्न मागे पडून प्रोग्रॅम कोणाचा, असा प्रश्न आला. वासिक राजलिच यांच्या ‘रिब्का’ने २००७ ते २०१० अशी सलग चार जागतिक विजेतेपदे मिळवली. २०११ मध्ये संगणक-खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयसीजीएने, रिब्कात ‘क्राफ्टी’ आणि ‘फ्रूट’ या दोन प्रोग्रॅममधील भाग श्रेय न देता वापरल्याचा निष्कर्ष काढला, विजेतेपदे काढून घेतली आणि राजलिच यांच्यावर तहहयात बंदी घातली. राजलिच यांनी आरोप नाकारला. रिब्काची मूळ संहिता तपास करणाऱ्यांच्या हाती नव्हती. यंत्रभाषेतील प्रोग्रॅम उलगडून तुलना करावी लागली. पुढे २०१५ मध्ये फिडेच्या आचारसंहिता आयोगाने तहहयात बंदीबद्दल आयसीजीएलाच ताकीद दिली. आरोप, निवाडा आणि शिक्षा हे सारे एकाच संघटनेच्या हाती असले की काय होते, याचा हा धडा होता. बुद्धिबळाच्या जगाने तो नीट गिरवला असे काही पुढच्या घटनांवरून दिसत नाही.

संगणकांच्या जगाने मात्र यातून दोन मार्ग काढले. पहिला, संहिताच खुली करणे. आज सर्वांत बलवान मानले जाणारे ‘स्टॉकफिश’ कोणालाही वाचता, बदलता येते. अट इतकीच की बदललेली आवृत्ती वितरित करणाऱ्याने आपली संहिताही खुली करावी. ती अट मोडल्याचा दावा करीत स्टॉकफिशच्या चमूने २०२१ मध्ये ‘चेसबेस’ या जर्मन कंपनीवर म्युनिकमध्ये खटला भरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. दुसरा मार्ग, सर्व स्पर्धकांना एकाच यंत्रावर आणणे. २०१० पासून चाललेल्या ‘टीसीईसी’ या स्पर्धेत सारी इंजिने आयोजकांच्याच संगणकांवर खेळतात. सुरुवातीच्या चाली आयोजक ठरवतात आणि प्रत्येक सुरुवात रंग बदलून दोनदा खेळली जाते. हरणे, जिंकणे, बरोबरी याचा निवाडाही ठरलेल्या नियमांनी आपोआप होतो. प्रोग्रॅमचा कर्ता जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून आपल्यासारखाच प्रेक्षक असतो. ग्राझच्या झ्वान्झगर यांना येथे मोठेपणा दाखवायला वावच मिळाला नसता. पटापाशी माणूस बसवणारी जुनी जागतिक स्पर्धा २०२४ मध्ये स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे शेवटची म्हणून खेळवली गेली.

माणसाला एका यंत्रात कसे बसवणार?

माणसांच्या ऑनलाइन स्पर्धांपुढचा पेच येथूनच सुरू होतो. खेळाडूची संहिता खुली करून पाहता येत नाही. हजारो खेळाडूंना एका छताखाली आणायचे तर ती स्पर्धा ऑनलाइन उरत नाही. आणि ज्याची मदत घ्यायची ते यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे. पूर्वी निदान खटाटोप करावा लागे. २००६ मध्ये दिल्लीतील एका स्पर्धेत टोपीत ब्लूटूथ यंत्र शिवून आलेला खेळाडू पकडला गेला आणि अखिल भारतीय महासंघाने त्याच्यावर १० वर्षांची बंदी घातली. घरी बसून खेळणाऱ्याला टोपीची गरज नाही. जून २०२१ मध्ये विश्वनाथन आनंद करोनाग्रस्तांच्या मदतीसाठी काही नामवंतांशी ऑनलाइन खेळले, तेव्हा एका तरुण उद्योजकाने त्यांना चक्क हरवले आणि दुसऱ्याच दिवशी संगणकाची मदत घेतल्याची कबुली दिली. साऱ्यांनी तो प्रकार हसण्यावारी नेला. पण पाच वेळच्या जगज्जेत्याला फसवायला किती थोडे लागते, हे त्यातून दिसले.

उरते ते चालींवरून माग काढणे. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठातील प्राध्यापक केनेथ रीगन हे या शास्त्राचे जाणकार. खेळाडूच्या चाली इंजिनाच्या पसंतीच्या चालींशी किती जुळतात आणि त्याच्या मानांकनाच्या खेळाडूकडून किती जुळाव्यात, यांतील तफावत योगायोगाने पडण्याची शक्यता किती, याचा हिशेब ते मांडतात. ज्या स्थितीत एकच चाल शक्य आहे तेथे जुळण्याला किंमत नसते. संकेतस्थळे याखेरीज वेळ पाहतात. माणूस मारलेला मोहरा परत मारताना विचार करत बसत नाही आणि अवघड स्थितीत अडखळतो. दुसरीकडून चाल आणणारा दोन्ही वेळी जवळपास सारखाच वेळ घेतो. खेळाडू पडद्यावरची खिडकी वारंवार बदलतो का, हेही नोंदले जाते.

नवशिका लबाड यात सापडतो. मुरलेला ग्रँडमास्टर सापडणे कठीण. त्याला प्रत्येक चाल नको असते. डावात एकदाच, येथे काहीतरी दडले आहे थांब, एवढी खूण मिळाली तरी पुरे. तेवढ्याने आकडेवारीत तरंगही उठत नाही.

दुसरी बाजू अधिक चिंतेची आहे. समजा, एखादी कसोटी इतकी काटेकोर आहे की दहा हजार प्रामाणिक खेळाडूंमागे एकाच्याच बाबतीत ती चुकते. ती दहा लाख प्रामाणिक खेळाडूंना लावली तर शंभर निरपराध माणसे संशयित ठरतील. मोठ्या संकेतस्थळांवरील खेळाडूंची संख्या याच्या कितीतरी पट आहे. म्हणून केवळ जुळणीच्या टक्केवारीवर कोणाला दोषी म्हणणे हे गणिताच्या दृष्टीनेच चूक आहे. समाजमाध्यमांवर एखाद्या डावाचा आलेख टाकून ‘तुम्हीच पाहा’ म्हणणाऱ्यांना हे गणित ठाऊक नसते किंवा ते सोयीस्करपणे विसरले जाते. क्रामनिक यांच्यासारख्या जगज्जेत्याने तरी याचे भान ठेवायला हवे होते.

संकेतस्थळांच्या कारवाईतही एक गैरसोयीची बाब आहे. २०२० च्या ‘प्रो चेस लीग’च्या अंतिम लढतीनंतर चेस डॉट कॉमने आर्मेनियाच्या विजेत्या संघाला बाद ठरवले, एका ग्रँडमास्टरवर तहहयात बंदी घातली आणि विजेतेपद सेंट लुइसच्या संघाला दिले. २०२२ मध्ये मॅग्नस कार्लसन यांनी हान्स नीमन यांच्याकडून हरल्यानंतर सिंकफील्ड करंडकातून माघार घेतली. पाठोपाठ चेस डॉट कॉमने ७२ पानी अहवालात नीमन यांनी शंभराहून अधिक ऑनलाइन डावांत गैरप्रकार केल्याची शक्यता वर्तवली. नीमन यांनी १२ आणि १६ व्या वर्षी ऑनलाइन डावांत मदत घेतल्याचे मान्य केले होते, बाकीचे नाकारले. त्यांनी १० कोटी डॉलरचा दावा ठोकला, तो २०२३ मध्ये फेटाळला गेला आणि नंतर तडजोड झाली. सिंकफील्डमधील त्या डावात गैरप्रकार झाल्याचा निर्णायक पुरावा नाही, हे कार्लसन यांनीही मान्य केले. फिडेने सबळ कारणाविना माघार घेतल्याबद्दल त्यांना १० हजार युरोचा दंड केला.

या साऱ्यात कंपनी स्पर्धेची आयोजक होती, तपास तिचाच आणि निवाडाही तिचाच. तपासाची पद्धत उघड केली तर लबाड ती चुकवतील, हा कंपन्यांचा युक्तिवाद खोटा नाही. पण ज्याच्यावर बोट ठेवले त्याला आपल्याविरुद्धचा पुरावा पाहता येत नसेल, तर रिब्काच्या वेळची चूक मोठ्या प्रमाणावर पुन्हा होते आहे. फ्रान्समधील ना-नफा तत्त्वावरील ‘लिचेस’ची संहिता खुली आहे. इंजिनाला खेळायचे असेल तर तेथे वेगळे ‘बॉट’ खाते काढता येते. खात्यावर आधी एकही डाव झालेला नसावा आणि एकदा ते बॉट झाले की पुन्हा माणसाचे होत नाही. इंटरनेट चेस क्लबवरील कंसातल्या ‘सी’चीच ही पुढची आवृत्ती. यंत्राला उजळ माथ्याने यायला दार ठेवले की चोरवाटेने येणाऱ्याला कुतूहलाची सबब उरत नाही.

तार तुटली तर?

स्वयंचलित नियमांचा आणखी एक पदर भारतीय वाचकांच्या परिचयाचा आहे. ऑगस्ट २०२० च्या पहिल्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये नाशिकच्या विदित गुजराथी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाशी खेळत होता. निहाल सरीन यांच्याविरुद्ध खेळणाऱ्या हाइक मार्तिरोस्यान यांचा संपर्क तुटला आणि ते वेळेवर हरले. आपल्या इंटरनेटची जबाबदारी खेळाडूची, या नियमावर बोट ठेवून आर्मेनियाचे अपील फेटाळले गेले आणि तो संघ निषेध म्हणून स्पर्धेबाहेर पडला. ३० ऑगस्टला रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत मात्र निहाल आणि नागपूरच्या दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटून ते वेळेवर हरले, तेव्हा बिघाड जागतिक स्वरूपाचा असल्याने फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोरकोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले.

आपल्याकडे जल्लोष झाला, तो स्वाभाविक होता. पण घड्याळाच्या दृष्टीने दोन्ही घटना सारख्याच होत्या. घड्याळ नियमाने चालले. दुसऱ्या वेळी माणसाने त्यात हस्तक्षेप केला. तो न्याय्य होता असे आमचेही मत आहे, मात्र आर्मेनियाला तो डावलल्यासारखा वाटला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. अशा वेळी काय करायचे हे आधी लिहून ठेवलेले असते, तर अध्यक्षांवर ऐनवेळी उदार होण्याची पाळी आली नसती.

मोठ्या पैशांच्या स्पर्धांनी आता टीसीईसीचीच वाट धरली आहे. चेस डॉट कॉमच्या वेगवान बुद्धिबळ स्पर्धेचा शेवटचा टप्पा २०२४ मध्ये पॅरिसमध्ये, प्रेक्षकांसमोर झाला. २०२५ मध्ये रियाध येथे ई-स्पोर्ट्स विश्वचषकात १५ लाख डॉलरच्या बक्षिसांसाठी खेळाडू मंचावर ठेवलेल्या संगणकांसमोर बसून, माउसने खेळले. चाली पडद्यावरच झाल्या, पण खेळाडू एका छताखाली होते.

छताखाली न येणारे उरतात ते घरून खेळणारे. टाळेबंदीनंतर शाळकरी मुलांच्या ऑनलाइन स्पर्धा आपल्या शहरांतूनही रुळल्या. समोर एक कॅमेरा, बाजूने दुसरा, खोलीत पालक नको, अशा अटी आयोजक घालतात. दोन खोल्यांच्या घरात त्या पाळणे किती शक्य आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे. अशा स्पर्धेत दहा-अकरा वर्षांचे मूल एके दिवशी आपल्या मानाने फारच चांगले खेळले, तर त्याच्या वाट्याला शाबासकी येते की बाद झाल्याचा दोन ओळींचा संदेश, हे आज आयोजकाच्या मर्जीवर आहे. निवड किंवा मोठे बक्षीस ठरवणारा शेवटचा टप्पा पटावर, समोरासमोर खेळवणे राज्य आणि जिल्हा संघटनांना अवघड नाही. बाद ठरवण्यापूर्वी मुलाला पंचांसमोर तोच डाव समजावून सांगायची संधी देणे, अपील आयोजकाखेरीज तिसऱ्या व्यक्तीने ऐकणे आणि निर्णय होईपर्यंत नाव जाहीर न करणे, यालाही पैसे लागत नाहीत. नियमावलीत या तीन ओळी आहेत का, हे प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी पालकांनी आयोजकांना विचारून घ्यावे.